वाडी, कूळ आणि कृष्टी

बडोद्याच्या जुन्या शहरात वाडी नावाची वस्ती आहे. मांडवीच्या बाजूने तिकडे जाऊ लागले म्हणजे दुकाने लागतात, दाटीने उभी घरे लागतात, देवळे लागतात. नावात जी बाग आहे ती मात्र दृष्टीस पडत नाही. मुंबईच्या गिरगावाचीही गत हीच. फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावे वाचून भाजी-फळे शोधण्यास कोणी जाणार नाही. फणसवाडीत आज लोक जातात ते श्रीव्यंकटेशाच्या दर्शनास. जवळच मुगभाट आहे, आणि भाट म्हणजे काय हे आमच्या कोकणी वाचकांस सांगावयास नको.

संस्कृतातील वाट, वाटी, वाटिका या शब्दांचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. गुजरातीत वाड म्हणजे आजही कुंपणच. म्हणजे आधी कुंपण, मग आतील झाडे, मग त्या झाडांची राखण करणाऱ्यांची घरे, आणि शेवटी झाडे तुटून उरलेली नुसती घरे, असा या शब्दाचा प्रवास दिसतो. कोकणात नारळी-पोफळीची ती वाडी. घाटावर गावापासून दूर, शेताजवळ वसलेली चार घरे ती वाडी. गोव्यात गावाचा एक भाग तो वाडो. गुजरातीत ज्ञातीची कार्ये जेथे होतात त्या वास्तूसही वाडी म्हणतात. त्याहून सुंदर प्रयोग निराळाच आहे. मुले, सुना, नातवंडे भरल्या घरात ठेवून कोणी वृद्ध निवर्तला, तर तो ‘लीली वाडी’, म्हणजे हिरवी बाग, मागे ठेवून गेला असे गुजराती माणूस म्हणतो. वाडी येथे जमिनीवरून उठून वंशात आली.

जमीन कसणे, तीवर राहणे आणि देवास भजणे या तीन गोष्टी माणसाने कधीकाळी एकाच शब्दाने बोलून दाखविल्या असाव्यात, असे म्हणण्यास एक परदेशी पुरावा आहे. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ या एकाच धातूचे नांगरणे, वसणे आणि पूजणे असे तीनही अर्थ होतात. युरोपीय भाषांत ‘कल्चर’ आणि ‘कल्ट’ ही जी भावंडे आहेत ती याच पोटची. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास तत्त्वज्ञानास मनाची मशागत म्हटले. जमीन कितीही सुपीक असली तरी कसल्यावाचून ती फळत नाही, तसेच मनाचे, हा त्याचा दृष्टान्त. आपल्याकडे गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरासच क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ त या अध्यायाचा मराठीत विस्तार केला तेव्हा ऐकणाऱ्यांत शेताचा बांध ठाऊक नसलेला श्रोता क्वचितच असेल.

आपण मराठीत सहज ‘मनाची मशागत’, ‘भाषेची मशागत’ म्हणून जातो. मशागत हा शब्द मुळात अरबी मशक्कत. त्याचा अर्थ कष्ट. शेतकऱ्याने तो नांगरणी-कुळवणीस लावला तो योग्यच होता. व्याख्यानाच्या मंचावर तो आला तेव्हा त्यातील घाम मात्र बराचसा वाटेतच वाळला, असे आम्हांस वाटते.

संस्कृत वाङ्मयात तर याहून जुने उदाहरण आहे. कृष् म्हणजे नांगरणे. त्यापासून कृषी, आणि त्यापासूनच कृष्टी. ऋग्वेदात कृष्टी याचा अर्थ लोक, जनसमूह. तेथे पाच कृष्टींचा उल्लेख येतो. नांगरणारे ते लोक, असा तो हिशेब. विसाव्या शतकात बंगालीत ‘कल्चर’ला प्रतिशब्द हवा होता, तेव्हा काहींनी हाच शब्द पुढे केला. रवींद्रनाथांच्या कानांस तो रुचला नाही. पुढे सुनीतिकुमार चट्टोपाध्यायांनी सांगितले आहे की, १९२२ मध्ये पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या तोंडून त्यांनी या अर्थी ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला. तो मराठीत आधीच रूढ होता. रवींद्रनाथांनी त्यास पसंती दिली. एका मराठी गृहस्थाने बंगालला दिलेली ही देणगी लहान नव्हे. रवींद्रनाथांचा कान खरा होता याबद्दलही आम्हांस शंका नाही. तथापि संस्कृती या शब्दात संस्कार आहे, नांगर नाही. घडलेले, शुद्ध केलेले, अलंकृत असे काही त्यातून डोळ्यांपुढे येते. ते कोणाच्या हातांनी घडले हे येत नाही.

शब्द शेतातून घराकडे येतात तसे घरातून शेताकडेही जातात. संस्कृतात कुटुंबी म्हणजे गृहस्थ, घरधनी. जुन्या ताम्रपटांत याच शब्दाने जमीन कसणारा दाखविला जातो, आणि त्याचाच मराठीत कुणबी व गुजरातीत कणबी झाला. कुल म्हणजे घराणे. त्याचेच कूळ झाले आणि सरकारी दप्तरात सारा भरणारे खाते, व पुढे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस, असा त्याचा अर्थ बनला. या कुळांचा हिशेब ठेवी तो कुलकर्णी. एकाच मराठी शब्दात एकीकडे कुलदेव, कुळाचार, कुळधर्म आणि दुसरीकडे कूळकायदा!

देवळाशी नाते असलेल्या आम्हां लोकांस या दुहेरी अर्थाजवळ थोडे थांबणे भाग आहे. देवापुढील नंदादीप, नैवेद्य, पालखी यांचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या निघत आला तो देवस्थानच्या जमिनींवर. गोव्याच्या गावकरीतही देवळासाठी व देवळाच्या सेवेकऱ्यांसाठी जमिनी तोडून दिलेल्या असत. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला व त्या दिवसापासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली जाऊ लागली. परंतु सार्वजनिक पूजास्थानांच्या ज्या जमिनींचे सारे उत्पन्न त्या कार्यासच लागते त्यांना, अटी पाळल्यास, या कायद्याच्या बऱ्याच कलमांतून सूट मिळाली. शेजारच्या बांधापलीकडचे कूळ मालक झाले. देवाचे कूळ कूळच राहिले. सूट नसती तर अनेक देवळांत दिवा लागणे कठीण झाले असते हे आम्ही जाणतो. पण कुलदेवाच्या महाजनांची नावे दगडावर कोरलेली असतात, आणि ज्याच्या भातातून नैवेद्य शिजला त्या कुळाचे नाव बहुधा हिशेबाच्या वहीतच राहते, हेही खरे आहे.

बडोद्याची कथा या संदर्भात विलक्षण आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील गोपाळराव हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्याने १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शब्दांकडेही त्याचे लक्ष होते. राज्यकारभाराच्या परिभाषेचा एक कोश बडोद्याहून १९३१ मध्ये निघाला. इंग्रजी शब्दास गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द देणाऱ्या त्या ग्रंथाचे नाव ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. शब्दकोशास झाडाचे नाव देण्याची चाल जुनीच आहे. पण कुणब्याच्या मुलाच्या राज्यात ते नाव अधिक शोभते.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९६० मध्ये बडोदे गुजरात राज्यात गेले. मराठीस तेथे राजाश्रय उरला नाही. गायकवाडी अमलात १९०९, १९२१ व १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने त्या शहरात भरली होती. त्यानंतर चौऱ्याऐंशी वर्षे गेली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्यात पुन्हा संमेलन भरले, तेव्हा ते भरविणारी मंडळी साधी नागरिक होती.