हरवलेल्या दीर्घिकांचा हिशेब

स्वीडनच्या लुंड वेधशाळेत एरिक होल्मबर्गने ७४ विजेचे दिवे मांडून दोन दीर्घिका एकमेकींजवळून नेल्या. प्रयोग प्रसिद्ध झाला १९४१ साली. प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण दोन्ही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतात. म्हणून दिव्याच्या जागी प्रकाश मोजायचा, त्यावरून ओढ काढायची, दिवे थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचे. नारायणगावात बारावीच्या मुलांना व्यस्त वर्गाचा नियम शिकवताना मी हा प्रयोग सांगतोच. त्यात काय धरले आणि काय सोडले, हे उघड दिसते. सोडला होता तो वायू.

त्याआधी तीनच वर्षे, १९३८ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या छायाचित्रांच्या काचपट्ट्यांवरून स्कल्प्टर आणि फॉरनॅक्स या बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिका जाहीर केल्या होत्या. इतक्या विरळ की त्यांच्या आरपार मागच्या दीर्घिका दिसाव्यात. पुढे हिशेब जुळेना तो अशाच दीर्घिकांचा.

संगणक आले, दिव्यांचे लाखो कण झाले. १९९९ मध्ये क्लिपिन आणि मूर या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ असलेल्या द्रव्याची, संगणकी सिम्युलेशन्स आकाशाशी ताडून पाहिली. क्लिपिन यांच्या गणिताने आपल्या स्थानिक दीर्घिका-समूहात मोठ्या दीर्घिकांभोवती फिरणाऱ्या सुमारे ३०० उपदीर्घिका हव्या होत्या. ठाऊक होत्या ४० च्या आसपास. ‘हरवलेल्या उपदीर्घिका’ हे नाव तेव्हाच पडले. माझ्या मते ही तुलनाच विषम होती. एकीकडे मोजले होते कृष्णद्रव्याचे पुंजके, दुसरीकडे तारे. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी वायू तापला की लहान पुंजक्यांना तो धरून ठेवता येत नाही आणि तिथे तारे जन्मत नाहीत, हे एफस्टाथिऊने १९९२ मध्येच मांडले होते. प्रश्न गाजण्याच्या सात वर्षे आधी!

आकाशातल्या मोजणीची बाजूही अपुरीच होती. न्यू मेक्सिकोतल्या स्लोन आकाश-सर्वेक्षणातून २००५ पासून अतिमंद दीर्घिका सापडू लागल्या. त्यांतल्या सेग्यू-१ चा सगळा प्रकाश जेमतेम काहीशे सूर्यांएवढा, वस्तुमान मात्र लाखो सूर्यांचे. आज आकाशगंगेच्या पन्नासहून अधिक उपदीर्घिका ठाऊक आहेत.

संख्येचे भांडण असे बरेचसे मिटले. दीर्घिकांच्या आतल्या घनतेचे मिटलेले नाही, आणि तिथे आमच्या नारायणगावजवळच्या खोडदचा हात आहे. सिम्युलेशन सांगते, दीर्घिकेच्या केंद्राकडे कृष्णद्रव्याची घनता चढत जावी. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी कॅमेलोपार्डालिस-बी या इवल्या दीर्घिकेतला हायड्रोजन टिपला. आयेशा बेगम, जयराम चेंगालूर आणि उलरिख होप यांनी २००३ मध्ये दाखवले, की तिच्या फिरण्याशी सपाट घनतेचे केंद्र जुळते, चढते नाही. २०१० मध्ये गव्हर्नाटो यांच्या गटाने सिम्युलेशनमध्ये सुपरनोव्हांचे, म्हणजे मरत्या ताऱ्यांचे, स्फोट घातले. स्फोटांनी वायू बाहेर फेकला आणि केंद्र सपाट झाले. पण सर्वांत लहान दीर्घिकांत एवढे तारे, म्हणून एवढे स्फोट, झालेच नसावेत. स्फोटांवर सारे भागले असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदच्या तबकड्या सर्वांना पाहता येतात. मुलांना घेऊन या, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना बटू दीर्घिकांबद्दल आवर्जून विचारा.