धामण पाळीव का झाली नाही? कणगीजवळच्या सापाचा इतिहास

प्रस्तावना

रायपूरच्या भोवतालचा प्रदेश भाताचा. आषाढात बांधांत पाणी साचू लागले की उंदरांच्या बिळांतून लांब, पिवळसर-तपकिरी साप बाहेर पडताना दिसतात. छत्तीसगढीत त्याला 'असढिया' म्हणतात, मराठीत धामण. आमच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहामागे दर पावसाळ्यात एखादी तरी निघते. गेल्या वर्षी सर्पमित्र तिला कापडी पिशवीत भरत असताना दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ही विषारी नाही, उंदीर खाते. परदेशात लोक असे साप घरात पाळतात. मग आपण का नाही?"

"कायद्याने गुन्हा आहे," एवढे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कायदा का आला आणि त्याआधी काय घडले, हे समजून घेण्यासाठी ही टिपणे.

१. 'रॅट स्नेक' म्हणजे कोण?

'रॅट स्नेक' हे एका प्रजातीचे नाव नसून उंदीर खाणाऱ्या अनेक बिनविषारी सापांना मिळालेले सामाईक नाव आहे. आपली धामण लिनियसने १७५८ मध्ये नोंदवली. अमेरिकेतील कॉर्न स्नेकला त्यानेच १७६६ मध्ये नाव दिले. अमेरिकेतील काळा रॅट स्नेक, टेक्सास रॅट स्नेक आणि पूर्व आशियातील ब्यूटी स्नेक हे या गटातले इतर परिचित साप. यांपैकी अनेक पूर्वी 'इलाफी' या एकाच वंशात गणले जात. २००२ च्या सुमारास त्या वंशाची फोड झाली आणि अमेरिकी साप 'पँथेरोफिस' वंशात गेले. महाराष्ट्रात आढळणारा तस्कर सापही एकेकाळी 'इलाफी'तच होता. धामण मात्र 'टायस' या वेगळ्या वंशातली आहे.

कॉर्न स्नेक हे नाव कसे पडले याची एक समजूत अशी, की मक्याच्या कोठारांजवळ उंदरांच्या मागे तो हमखास दिसे. धामणही आपल्याकडे कणगीजवळ आणि खळ्यावर अशीच दिसते. म्हणजे दोघांचे माणसाशी नाते धान्य आणि उंदीर यांतूनच जुळले.

२. अमेरिकेतील वाट : कोठारातून काचपेटीत

माणसाने साप बाळगणे नवे नाही. प्राचीन ग्रीसमध्ये एस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरांत बिनविषारी साप ठेवत. पण बाळगणे वेगळे आणि पाळीव करणे वेगळे. पाळीव होण्यासाठी प्राण्याची बंदिवासात पिढ्यान् पिढ्या पैदास व्हावी लागते.

कॉर्न स्नेकच्या बाबतीत हे विसाव्या शतकात घडले. १९५३ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यात काळे रंगद्रव्य नसलेला, लालसर-नारिंगी नर सापडला. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने त्याच्यापासून पैदास केली. पहिली पिढी नेहमीच्या रंगाची निघाली, पुढच्या पिढीत नारिंगी पिल्ले आली. हा गुण मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी जनुकाचा आहे, हे १९६० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. पुढे याच तत्त्वावर असंख्य रंगप्रकार तयार झाले. जंगलातून पकडण्याऐवजी पैदास केंद्रातून पिल्लू विकत घेणे शक्य झाले आणि कॉर्न स्नेक जगातील सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक ठरला. त्याचा आकार आणि स्वभावही सोयीचा होता : सव्वा-दीड मीटर लांबी, शांत वृत्ती, लहान पेटीत भागणारी गरज.

३. आपल्याकडील वाट : टोपली, मडके आणि कातडे

आपल्याकडे धामण माणसाच्या हाती आली ती तीन प्रकारे.

पहिला प्रकार गारुड्याच्या टोपलीचा. तिथे मान नागाचा आणि धामण जोडीला. टोपलीत पैदास होत नसे. साप मेला की दुसरा पकडून आणत.

दुसरा प्रकार सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचा. नागपंचमीआधी साप पकडायचे, मडक्यात ठेवायचे आणि सणानंतर पुन्हा रानात सोडायचे अशी तिथली रीत. मुख्य मान अर्थात नागाचा, पण धामणीही पकडल्या जात. म्हणजे हा साप पाळलेला नसे, तो पाहुणा असे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिवंत सापांच्या या प्रदर्शनावर बंदी आली.

तिसरा प्रकार व्यापाराचा, आणि सर्वांत घातक. धामण मोठी, सहज सापडणारी आणि बिनविषारी. त्यामुळे पर्स, पट्टे आणि चपलांसाठी तिच्या कातड्याला मोठी मागणी होती. तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ साप पकडून कातडी विकण्यावर चालत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७६ मधील निर्यातबंदी यांनंतर हा धंदा बंद झाला. १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था स्थापन झाली. तेच कौशल्य आता विषारी साप पकडून, प्रतिविषासाठी विष काढून त्यांना परत सोडण्याकडे वळले.

महाराष्ट्रात याच काळात प्रबोधन वाढले. हाफकिन संस्थेतील पु. ज. देवरस यांचे भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढले. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले.

४. कायदा आज काय सांगतो?

धामण आधी दुसऱ्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणेही येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी आहे.

यातून एक विसंगती मात्र निर्माण झाली. देशी साप पाळता येत नाही म्हणून हौशी लोक बॉल पायथन, कॉर्न स्नेक अशा परदेशी सापांकडे वळले. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने साइट्स करारातील परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची सूचना काढली, आणि २०२४ मध्ये अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. बॉल पायथन त्या यादीत आहे, कॉर्न स्नेक नाही. पण यादीत नाही म्हणजे मोकळीक नव्हे. जिवंत साप परवान्याशिवाय आयात करता येत नाही.

समारोप

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. धामण चपळ आहे, दिवसा हिंडणारी आहे. दोन मीटरहून लांब वाढते. काचपेटीत ती तोंड घासून जखमी करून घेते. तिची पैदास कोणी पिढ्यान् पिढ्या केली नाही. प्रत्येक 'पाळलेली' धामण म्हणजे शेतातून कमी झालेली धामण. कॉर्न स्नेक घरात आला तेव्हा मक्याच्या शेताचे नुकसान झाले नाही, कारण तो पैदास केंद्रातून आला. आपल्याकडे तसे घडलेच नाही. आपल्याला जे मिळाले ते टोपलीतले हाल आणि कातड्याचा बाजार.

शिवाय आजही अनेक धामणी नाग समजून काठीने मारल्या जातात. ती गायीचे दूध पिते, शेपटीने डंख मारते, नागाची मादी असते, या समजुती तिन्ही चुकीच्या आहेत. तिच्यासाठी काही करायचेच असेल, तर पेटी आणण्यापेक्षा या समजुती मोडणे अधिक उपयोगाचे आहे. त्या दिवशी वसतिगृहातून नेलेली धामण वनविभागाला कळवून सोडण्यात आली. प्रश्न विचारणारा विद्यार्थी सोबत गेला होता. यंदाच्या पावसाळ्यात साप निघाला तेव्हा काठ्या घेऊन आलेल्या मुलांना त्यानेच अडवले.

विचारासाठी प्रश्न

१. प्राणी बाळगणे आणि पाळीव करणे यांतील फरक कॉर्न स्नेकच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. कातड्याच्या व्यापारावरील बंदीनंतर इरुळा समाजाच्या कौशल्याचा उपयोग कसा बदलला?
३. तुमच्या गावात धामणीला काय म्हणतात? तिच्याविषयी कोणत्या समजुती आहेत? त्यांची नोंद करा.