गव्हाण, ओवी आणि आमचीं लेकरें

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत धर्मगुरूंची, देवालयांची व शाळांची हकीकत यावी हें योग्यच आहे. परंतु धर्माचें पहिलें मंदिर जें घर, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. म्हणून नाताळच्या ज्या चालीरीति लहान मुलांच्या हातीं असतात, त्यांचा थोडा वृत्तान्त देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गव्हाण मांडण्याची चाल आज सर्वत्र आहे. इटालींतील ग्रेच्चो या डोंगरी खेड्यांत इ. स. १२२३ च्या नाताळच्या रात्रीं आसीसीचे संत फ्रान्सिस यांनीं गवताची गव्हाण, बैल व गाढव आणवून तेथें मिस्सा करविली. बेथलेहेमच्या बाळानें सोसलेली उणीव डोळ्यांनीं पाहावी, एवढाच त्यांचा हेतु होता, असें त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस सांगतात. पुढें १९६९ सालीं पोप सहावे पौल यांनीं रोम येथें, मुलांनीं घरच्या गव्हाणींतील बाळयेशूची मूर्ति संत पेत्राच्या चौकांत आशीर्वादासाठीं आणावी, असा प्रघात पाडला.

गोठा आम्हां वऱ्हाड-नागपूरकडील लोकांस परका नाहीं. तळेगावच्या मुलास कडबा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो, तेव्हां आमच्याकडील मुलें लाकडी बैल ओढीत मिरवितात. तोच बैल डिसेंबरांत गव्हाणीशेजारीं उभा राहिला तर काय बिघडलें? बाजारांतील चकचकीत गोठ्यापेक्षां तो आम्हांस अधिक खरा वाटतो.

कथा सांगावयाची ती कोणत्या वाणीनें? येथें आपणां मराठी कॅथोलिकांपाशीं मोठें धन आहे. इंग्लंडमध्यें जन्मलेले जेज्वित फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. लिपि रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि ओव्या सुमारें अकरा हजार! जुनीं पुराणें सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांस ऐकावयास कांहीं हवें होतें, ही त्याची निकड. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकहि प्रत आज सांपडत नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळें. १९०७ सालीं सालदान्हा यांनीं तो मंगळुरास रोमन लिपींत छापविला, आणि देवनागरींत तो १९५६ सालीं आला. म्हणजे छापील प्रति नाहींशा झाल्या तरी लोकांनीं हातानें उतरून घेतलें आणि मोठ्यानें वाचलें. जी ओवी आमच्या आज्या जात्यावर म्हणत, त्याच छंदांत ख्रिस्तजन्माची कथा असतां घरांत तबकडीवरचीं परकीं गाणीं तेवढीं वाजावीं, हें आम्हांस खटकतें.

आगमनकाळीं चार मेणबत्त्यांचें चक्र लावितात. तें मूळचें आपलें नव्हे. हाम्बुर्ग येथें १८३९ सालीं विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकानें आपल्या आश्रमांतील गरीब मुलांसाठीं तें प्रथम केलें. चांगलें तें घ्यावें. वर्धा जिल्हा ज्या चांदा धर्मप्रांतांत मोडतो, तो सीरो-मलबार रीतीचा. त्या रीतींत डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून पंचवीस दिवसांचें व्रत असतें. मोठ्यांनीं मांस वर्ज्य करावें, मुलांनीं एखादा खाऊ. दिवसभरांत एक सत्कृत्य केलें कीं एक काडी गव्हाणींत घालावी, ही जुनी रीत मुलांस फार आवडते. आणि काड्या कमी पडल्या तर बाळास टोंचेल, ही काळजी त्यांस खरोखर लागते. सांताक्लॉज आमच्या मुलांस ठाऊक आहे. तो मीरा नगरीचा बिशप निकोलस, आणि त्याचा सण ६ डिसेंबरास, हें मात्र ठाऊक नसतें.

ज्या गांवीं कॅथोलिक घरें बोटांवर मोजण्याइतकीं आणि मिस्सेसाठीं दूर जावें लागतें, तेथें हें सर्व घरानेंच केलें पाहिजे; दुसरें कोण करणार? चोवीस तारखेच्या रात्रीं दिवा मालवून सर्वांत धाकट्यानें बाळयेशूची मूर्ति गव्हाणींत ठेवावी, वडिलांनीं लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचावा. दुसऱ्या दिवशीं करंज्यांचें ताट आणि आंबिया बहराचीं संत्रीं शेजारच्या घरीं मुलांच्याच हातीं पाठवावीं. तीन राजांस मात्र एवढ्यांत गोठ्यांत आणूं नये. त्यांस खिडकींत उभें करावें, आणि ६ जानेवारीपर्यंत मुलांनीं त्यांस रोज वीतभर पुढें सरकवावें.