डाल्टनचे डोळे

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी शाळेत झाडाचे चित्र काढले आणि पाने चक्क तपकिरी रंगवली. फॉलचे चित्र असेल म्हणून आम्ही कौतुकच केले. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची चित्रे दाखवली, तेव्हा त्यांत लपलेले आकडे काही त्याला वाचता येईनात. निदान झाले: तांबड्या-हिरव्याचे रंगांधत्व. रविवारी फोनवर आईला सांगितले, तर ती सहज बोलून गेली, "आमच्या घराण्यात असलं कधी कुणाला नव्हतं हो." फोन स्पीकरवर होता. सौ. काही बोलली नाही. पण तिच्या मामांना आगगाडीचे ड्रायव्हर व्हायचे होते आणि रंगांच्या चाचणीत ते बाद झाले, ही हकीकत आम्हा दोघांनाही ठाऊक होती.

मी पडलो संगणकवाला. डॉक्टरेट आहे ती इंजिनिअरिंगमधली, जीवशास्त्राशी दहावीनंतर फारकत झालेली. पण त्या रविवारपासून पुस्तके चाळू लागलो, आणि एका घरगुती प्रश्नाचे उत्तर शोधताना दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

जॉन डाल्टन हे नाव आपल्याला शाळेतल्या अणुसिद्धान्तामुळे माहीत असते. इंग्लंडच्या कंबरलंड परगण्यात १७६६ साली एका विणकराच्या घरी जन्मलेला हा मनुष्य. १७९२ साली त्याच्या ध्यानात आले, की इतरांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल आपल्याला दिवसा आकाशी दिसते आणि मेणबत्तीच्या उजेडात मात्र तांबडे. चौकशी करता सख्ख्या भावालाही तसेच दिसते असे निघाले. १७९४ साली मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासून खात्री करून घ्या, असेही त्याने सांगून ठेवले. २७ जुलै १८४४ रोजी तो वारला. जोसेफ रॅन्सम या डॉक्टरने डोळा उघडून पाहिला, तर द्रव अगदी स्वच्छ! तर्क चुकला होता. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले, हे फार बरे झाले.

हा दोष आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे जातो आणि मधली मुलगी बहुधा निर्दोष असते, हे लोकांच्या लक्षात आले होते. कारण मात्र कळत नव्हते. ते कळले न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. १९१० साली टॉमस मॉर्गनने फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांचा संबंध एक्स गुणसूत्राशी जोडला, आणि १९११ साली त्याच विद्यापीठातल्या एडमंड विल्सनने माणसाचे रंगांधत्व त्याच गुणसूत्रावर नेऊन बसवले. स्त्रियांना दोन एक्स असतात. एकात उणीव असली तरी दुसरे सांभाळून घेते. पुरुषाला एकच, तेही आईकडून आलेले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना तांबड्या-हिरव्याचा दोष असतो आणि स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का, त्याचे कारण हे.

पण इतका सर्रास आढळणारा दोष टिकून राहिला कसा? येथे जनुकांच्या मांडणीचा प्रश्न येतो. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी शेजारी येऊन आपले तुकडे अदलाबदल करतात. मॉर्गनचा शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने १९२५ साली दाखवले, की ही अदलाबदल कधी कधी थोडी सरकून होते. मग एका गुणसूत्रावर जनुकाच्या दोन प्रती येतात आणि दुसऱ्यावर एकही राहत नाही. १९७० साली सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने या प्रती होण्यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की उत्क्रांती कोऱ्या कागदावर क्वचितच लिहिते. जुन्या जनुकाची नक्कल होते, मूळ प्रत आपले काम करत राहते आणि नक्कल बदलायला मोकळी होते.

आम्हा प्रोग्रॅमरना हे सांगायला नको! जुना कोड उचलायचा, खाली चिकटवायचा, दोन ओळी बदलायच्या आणि नवे काम भागवायचे, हा आमचा रोजचा धंदा.

रंगदृष्टीचेही तसेच घडले, हे १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यासाठी नेथन्सने स्वतःचाच डीएनए वापरला. निळ्या रंगाचे जनुक सातव्या गुणसूत्रावर निघाले. तांबड्याचे आणि हिरव्याचे मात्र एक्सच्या टोकाशी एकामागोमाग एक उभे, आणि त्यांची प्रथिने सुमारे ९६ टक्के सारखी. गाई, कुत्री अशा बहुतेक सस्तन प्राण्यांना अशी दोनच जनुके असतात. आपल्या वानरपूर्वजांत साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी त्यांतल्या एकाची नक्कल झाली, आणि हिरव्या पानांतून पिकले फळ वेगळे दिसू लागले.

पण शेजारी शेजारी दोन जवळजवळ सारख्या प्रती ठेवल्या, की गफलत ठरलेलीच. अदलाबदलीच्या वेळी एकीची गाठ दुसरीशी पडते आणि एखाद्या एक्सवरून हिरवे जनुक गळून जाते. म्हणजे ज्या प्रक्रियेने तिसरा रंग दिला, तीच तो अधूनमधून परत घेते. रंगांधत्व हा एखाद्या घराण्याला लागलेला डाग नव्हे. सर्व मनुष्यजातीने मिळून घेतलेल्या देणगीची ती किंमत आहे, इतकेच.

आणि डाल्टन? त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, १९९५ साली, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्या वाळलेल्या डोळ्यातून डीएनए काढला. तांबड्याचे जनुक होते, हिरव्याचे नव्हते. टॉमस यंगने डाल्टनच्या हयातीतच अंदाज केला होता, की त्याच्यात तांबड्याची जाण नसावी. तोही उलटा निघाला!

पुढच्या रविवारी हे सारे आईला सांगितले, सौ. शेजारी असताना. म्हटले, "आई, मुलाला माझ्याकडून एक्स मिळतच नाही, वाय मिळतो. त्याला जो तांबडा रंग दिसतो ना, ते जनुकही आजोळचंच."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तू त्याला काहीच दिलं नाहीस की रे!" सौ. खळखळून हसली, आणि आईने तिला फोनवर बोलावून मामांची चौकशी केली.

एक विनंती. घरात लहान मुलगे असतील तर ही पाच मिनिटांची तपासणी करून घ्या आणि दोष निघाल्यास शाळेच्या बाईंना कळवा. रंग चुकवणारे मूल धांदरट नसते. आमच्याकडे आता प्रत्येक खडूवर रंगाचे नाव लिहिले आहे, मराठीत. त्या निमित्ताने त्याचे वाचनही सुधारते आहे.