पांढऱ्या सायकली आणि निरपराध बालके

दरवर्षी २८ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा बेथलेहेमच्या निरपराध बालकांचा सण पाळते. हेरोद राजाच्या तलवारीला बळी पडलेल्या त्या बालकांचे स्मरण १९७२ साली हॉलंडमध्ये एका वेगळ्याच संदर्भात जागे झाले. तो संदर्भ होता शहरातील रस्त्यांचा.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हॉलंडमध्ये सायकल हे सर्वसामान्यांचे वाहन होते. युद्धानंतर हाती पैसा आला, मोटारी वाढल्या आणि सायकल मागासलेपणाची खूण ठरली. मोटारींना वाट करून देण्यासाठी जुन्या वस्त्यांवर हातोडा पडू लागला. १९६७ साली डेव्हिड जोकिनेन या अमेरिकन तज्ज्ञाने तर ॲमस्टरडॅमचा एक कालवा बुजवून त्यावरून हमरस्ता नेण्याची योजना मांडली.

प्रगतीची ही व्याख्या त्या शहरातील काही तरुणांना मान्य नव्हती. १९६५ साली उदयास आलेल्या ‘प्रोवो’ चळवळीतील लुड स्खिमेलपेनिंक यांनी ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ पुढे आणली. शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करावा. नगरपालिकेने दरवर्षी २०,००० सायकली घेऊन त्यांना पांढरा रंग द्यावा. ज्याला गरज असेल त्याने सायकल घ्यावी आणि काम होताच दुसऱ्यासाठी सोडावी, अशी ती कल्पना. तरुणांनी काही सायकली स्वतःच रंगवून रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नसलेली सायकल उभी करणे नियमबाह्य, म्हणून पोलिसांनी त्या जप्त केल्या! नगरपालिकेने योजना स्वीकारली नाही आणि १९६७ साली चळवळच विसर्जित झाली. लोक हसले आणि विसरले.

रस्त्यांवरचे रक्त मात्र विसरण्याजोगे नव्हते. १९७१ या एका वर्षात हॉलंडमध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४००हून अधिक बालके होती. ‘डे टेइट’ या मूळच्या कॅथोलिक वृत्तपत्राचे पत्रकार विक लांगेनहॉफ यांनी आपली चिमुकली मुलगी अशाच अपघातात गमावली होती. १९७२ साली त्यांनी लेख लिहून पालकांना संघटित होण्याची हाक दिली. त्यातून ‘बालहत्या थांबवा’ ही संघटना जन्मास आली. बेथलेहेमच्या हत्याकांडासाठी डच भाषेत जो शब्द रूढ आहे, तोच तिच्या नावात होता. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्तिए फान पुटन या विशीतील तरुण माता होत्या. रस्ते अडवून तेथे मुलांना खेळू देणे, अधिकाऱ्यांकडे सुरक्षित मार्गांचा पाठपुरावा करणे, हे काम त्यांनी चिकाटीने केले.

१९७३ च्या तेलटंचाईत सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि रस्ता शांतही असू शकतो, हे लोकांनी अनुभवले. १९७५ साली सायकलस्वारांची संघटना स्थापन झाली. त्याच दशकात हेग आणि टिलबुर्ग येथे स्वतंत्र सायकलमार्गांचे प्रयोग झाले. आज ज्या सायकलमार्गांचे जग कौतुक करते, त्यांचा पाया तेव्हा घातला गेला. पांढऱ्या सायकलीची कल्पनाही वाया गेली नाही. १९९५ साली कोपनहेगनने आणि २००७ साली पॅरिसने सार्वजनिक सायकली सुरू केल्या.

तरुणांनी स्वप्न पाहिले. शोकाकुल मातापित्यांनी त्याला निकड दिली. दोहोंपैकी एकानेच हे घडले नसते.

२०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी शहरी वाहतुकीची आवर्जून दखल घेतली. एक-दोन माणसांनाच वाहणाऱ्या मोटारींमुळे होणारी कोंडी व प्रदूषण त्यांनी दाखवले आणि सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य देताना गर्दीत प्रवाशांची मानहानी होऊ नये, असेही सुचवले. लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्या घरांतही मुलगा महाविद्यालयात गेला की मोटारसायकलीचा हट्ट सुरू होतो आणि सायकलची त्याला लाज वाटते. अशा मोटारसायकलीवरून घरी न परतलेल्या तरुणांचे अंत्यविधी मी केले आहेत. त्या आईबापांपुढे उभे राहताना शब्द सुचत नाहीत. म्हणून वाटते, हा प्रश्न केवळ नगरपालिकेचा नाही. तो आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींचा आणि त्यांच्या पालकांचाही आहे.