सूपमधला चिनी माणूस शोधताना

समजा, जोहे गावात संध्याकाळ झालीय. गणपतीच्या कारखान्यातली माणसं हातावरची माती धुऊन घरी परतलीत आणि एका घरात ‘चायनीज सूप’ शिजतंय. हाडांसकट चिकनचे तुकडे, ठेचलेलं आलं आणि पाणी, मंद आचेवर पाऊण तास. मग गाजर, कोबी, कांद्याची पात, मीठ, मिरपूड आणि चमचाभर सोया सॉस. पाच-सात मिनिटांत सूप तयार. कॉर्नफ्लॉवर लावलं की ते गाडीवरच्या सूपसारखं दाट होतं.

आता स्वयंपाकघरातून बाहेर न पडता संशोधनाचा प्रश्न विचारा: यात चिनी काय आहे? सोयाबीन मूळचं चीनचं, हे खरं. पण कॉर्नफ्लॉवर ज्याचं करतात तो मका अमेरिकेतला. कोबी युरोपातून आला आणि त्याचं नावही आपण पोर्तुगीजांकडून घेतलं. म्हणजे जिन्नस तपासून प्रश्न सुटत नाही. माणसं शोधावी लागतात.

मग बहुतेक जण मुंबईकडे वळतात. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ‘चिकन मंचुरियन’ तयार केलं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. ही मौखिक साक्ष आहे. सांगणाऱ्याचं नाव आहे, चेहरा आहे, आपल्या कामाचा अभिमान आहे.

पण त्याच्या शंभरेक वर्षं मागे जा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला साताऱ्याचा खंड 1885 मध्ये निघाला. त्यात महाबळेश्वरच्या तुरुंगाची नोंद सापडते. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या इंग्रज वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी तिथे आणले होते. (आपल्याकडचे कैदी उलट दिशेने, पिनांग-सिंगापूरला पाठवले जात.) या कैद्यांनी तिथे बटाटे आणि इंग्रजी भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या बागांची आठवण आज ‘चायनामन फॉल’ या धबधब्याच्या नावात उरलीय.

इथेच तुमची परीक्षा आहे. ‘चिनी कैद्यांनी भाज्या आणल्या, म्हणून आज जोह्यात चायनीज सूप होतं’ हे वाक्य लिहायला हात शिवशिवतात. लिहू नका! आधी घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं, असं नसतं. त्या बागा आणि हे पातेलं यांना जोडणारा दुवा या दोन पुराव्यांत नाही. तुम्हाला एवढंच लिहिता येईल: एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या माथ्यावर चिनी माणसं भाजी पिकवत होती, आणि ती स्वखुशीने आलेली नव्हती.

हे वाक्य साधं वाटेल, पण पुढचा खरा प्रश्न त्यातूनच निघतो. गॅझेटियर कैद्यांच्या भाज्यांचं कौतुक करतं, कारण लिहिणाऱ्या सरकारला त्यांच्या श्रमाचा उपयोग होता. ती माणसं स्वतःसाठी काय शिजवत होती, घरची चव आठवून कशात काय घालत होती, हा त्या नोंदीचा विषयच नाही. वांग यांना आपली गोष्ट सांगता आली. या कैद्यांना कोणी विचारलंच नाही.

म्हणून स्रोत हातात आला की दोन रकाने आखा. एकात तो काय सांगतो ते लिहा, दुसऱ्यात तो कोणाला बोलू देत नाही ते. पहिल्या रकान्यातून माहिती मिळते. प्रबंधाचा प्रश्न बहुतेकदा दुसऱ्यात असतो. आणि तो रिकामा दिसला, तर आपल्या कल्पनेने भरून टाकू नका. ज्यांच्याकडून आधीच सगळं काढून घेतलं गेलं, त्यांच्या तोंडी निदान आपले शब्द तरी घालू नयेत.