तोटीवरचा खटला

२२ मार्चचा जागतिक जलदिन आला की शाळा-कचेऱ्यांत एक प्रतिज्ञा ठरलेली असते. दात घासताना नळ बंद ठेवीन, शॉवर टाळून बादलीने आंघोळ करीन, गाडी ओल्या फडक्याने पुसेन. या प्रतिज्ञेमागे एक मत उभे आहे: पाणीटंचाई ही घराघरांतल्या उधळपट्टीची बेरीज आहे, म्हणून प्रत्येकाने आपले जलपदचिन्ह, म्हणजे आपल्यापायी खर्च होणारे एकूण पाणी, न्हाणीघरातच आखूड करावे. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या गावात या मताला विरोध करणारा उधळ्यांचा वकील ठरतो. तो आरोप पत्करून मी म्हणतो, हे मत चुकीचे आहे. पुरावा पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी या मताची भक्कम बाजू. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती आणि मांजरा धरण आटले होते. ते दिवस काढलेल्यांना थेंबाचे मोल शिकवावे लागत नाही. धरणातून उपसून, शुद्ध करून नळाला आणलेले पाणी वीज खाते, पैसा खाते. ते जपून वापरल्याने उन्हाळ्यात टाकी दोन दिवस जास्त पुरली, तर तो लाभ खराच. हे सारे मला मान्य आहे. मात्र यातून टंचाई कशी सोसावी एवढेच कळते. ती येते कशाने, हे कळत नाही.

पहिला मुद्दा मोजमापाचा. जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाणी ठरवले आहे. पिणे, आंघोळ, धुणीभांडी सगळे धरून वर्षाचे झाले सुमारे वीस हजार लिटर. आता साखरेचा डबा उघडा. चहा, मिठाई, बिस्किटे, शीतपेये मिळून देशात माणशी वर्षाला साधारण २० किलो साखर खपते. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबाने महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर सिंचनाचे पाणी लागते. वीस किलोंचे चाळीस हजार लिटर होतात. म्हणजे जो माणूस घरात वर्षभर वीस हजार लिटरमध्ये भागवतो, तो त्याच्या दुप्पट पाणी साखरेवाटे संपवतो. दात घासताना रोज पाच लिटर वाचवले, तर वर्षाचे १,८२५ लिटर होतात. एक किलो साखरेचेही पाणी भरत नाही. मग प्रतिज्ञेत साखरेचा उल्लेख का नाही?

दुसरा मुद्दा, वापरलेले पाणी जाते कुठे? आंघोळीचे पाणी अंगावरून ओघळले म्हणून नाहीसे होत नाही. शोषखड्डा असेल तर ते जमिनीत मुरते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जिरवले, उघडी गटारे आणि डासही हटवले. मात्र उसाच्या पानांतून जे पाणी वाफ होऊन उडते, ते शिवाराबाहेर गेले. ते कोणत्या शोषखड्ड्यात अडवणार?

इथे काही सुशिक्षित मंडळी तक्ते घेऊन उभी राहतात. जलपदचिन्हाची कल्पना नेदरलँड्सच्या आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये मांडली. त्यांच्या नंतरच्या मोजणीत जागतिक सरासरी अशी: एक किलो उसाला सुमारे २०० लिटर, सोयाबीनला २,१००, कडधान्याला ४,०००. तक्ता सरळ वाचला तर निष्कर्ष काय निघेल? तूर-सोयाबीन सोडा, ऊस लावा! जो तक्ता निलंग्याच्या शेतकऱ्याला हा सल्ला देतो, तो नुसत्या बेरजेवर वाचायचा नसतो.

हुक्स्ट्रांनी तसा तो वाचलाही नव्हता. मातीत मुरलेले पावसाचे पाणी हिरवे, आणि नदी, धरण, विहीर, बोअरमधून उचललेले पाणी निळे, असा भेद त्यांच्या मोजणीतच आहे. आपल्याकडची तूर आणि सोयाबीन बहुतांशी खरिपाच्या पावसावर येतात. हेक्टरभर रानावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला की सत्तर लाख लिटर पाणी झाले. त्या ओलीवर पीक घेतले नाही तर तिथे तण माजेल. रब्बीची ज्वारीही काळ्या मातीने धरलेल्या ओलीवर तग धरते. ऊस मात्र बारा ते अठरा महिने उभा राहतो, सबंध उन्हाळा पितो. मोकाट पाणी दिले तर हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास जाते. माणशी ५५ लिटरने हे एक हजार माणसांचे वर्षाचे पाणी झाले. राज्यात चार टक्क्यांहून कमी पेरा व्यापणारा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे त्याच कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे. २०१५-१६ च्या दुष्काळातही मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी थांबली नव्हती.

यावर शेवटचा आक्षेप येतो: मग दोष शेतकऱ्याचा, आम्ही काय करणार? हाही पळवाटेचाच युक्तिवाद आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर मिळतो. सोयाबीन बाजारात कित्येकदा हमीभावाखाली विकले जाते. अशा वेळी शेतकरी ऊस लावतो, तर तो वेडा नाही, हिशेबी आहे. आणि एका घराने चहात साखर कमी घातली म्हणून तालुक्यातला ऊस कमी होणार नाही, हेही खरे. साखर देशभर विकली जाते.

म्हणूनच वैयक्तिक जबाबदारी न्हाणीघरापुरती मानता येत नाही. खाणारा म्हणून ताटात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण वाढवता येते, साखर निम्मी करता येते. बागायतदाराला अठरा महिन्यांच्या आडसाली उसाचा मोह आवरता येतो. ऊस ठेवायचाच तर ठिबकवर ठेवता येतो. बोअर आटले की दुसरे अधिक खोल घेण्याआधी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करता येतो. कारखान्याच्या सभासदाला सर्वसाधारण सभेत गाळपक्षमता वाढवताना पाणी कुठून येणार, हे विचारता येते. मतदाराला तूर-सोयाबीनच्या हमीभावाने खरेदीचा जाब मागता येतो. यातले एकही काम दात घासण्याइतके सोपे नाही. प्रतिज्ञेत ती येत नाहीत, त्याचे कारण हेच असावे.

तोटी जरूर बंद ठेवा. पण पुढच्या जलदिनी कुणी पाणी वाचवण्याची शपथ द्यायला उभा राहिला, तर त्याला दोन प्रश्न विचारा: तुमच्या शिवारात मे महिन्यात कोणते पीक उभे असते, आणि त्याला पाणी कुठून येते? उत्तर आल्यावर निकाल द्या.